आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: कमरेची मापं दप्तरात पडून आहेत

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: स्थूलतेचे उपकेंद्रनिहाय व शहरांत आरोग्य केंद्रनिहाय आकडे दरवर्षी जाहीर करण्याबाबत.

महोदय,

राज्यात स्थूलता किती, असं विचारलं की एक आकडा पुढे येतो, फार तर जिल्ह्यांचा तक्ता. एखाद्या तालुक्यातल्या अमुक उपकेंद्रात चाळिशीच्या किती बायकांचा कमरेचा घेर धोक्याच्या रेषेपलीकडे गेला आहे, हे मात्र लोकांना कुठेच वाचायला मिळत नाही. आणि ते सांगायला लागणारी मापं आपल्याच खात्याने घेतलेली आहेत.

आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे मधुमेह-रक्तदाबासारख्या आजारांचा धोका गुणांत मोजणारा तक्ता, भरते. त्यात कमरेच्या घेराला गुण आहेत. बाईचा घेर ८० सेंटीमीटरपर्यंत असेल तर शून्य, ८१ ते ९० असेल तर एक, ९० च्या वर दोन. पुरुषासाठी हेच टप्पे ९० आणि १०० वर आहेत. वय, तंबाखू, दारू, व्यायाम, घरातला मधुमेह यांचे गुण मिळवून बेरीज चारच्या पुढे गेली की त्या माणसाची तपासणी आधी करायची. योजना चांगली आहे. पण एकदा बेरीज झाली की सेंटीमीटर त्यात विरघळून जातात. आढाव्याच्या बैठकीत रक्तदाब किती, मधुमेह किती, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग किती, एवढंच विचारलं जातं. ज्या कमरेपासून यातल्या बऱ्याच दुखण्यांची वाट सुरू होते, तिच्याबद्दल कोणी विचारत नाही.

सध्या उपलब्ध असलेले आकडे एकमेकांशी बोलत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २५ किंवा त्याहून जास्त असलेले निघाले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीने त्याच २५ च्या रेषेवर वीस वर्षांवरचे २८.६ टक्के लोक 'स्थूल' म्हटले, आणि पोटाची स्थूलता ३९.५ टक्के सांगितली. मुंबईत २०२१ साली महापालिकेने केलेल्या पाहणीत २५ च्या वर ४६ टक्के निघाले, पण तिथे 'स्थूल' हा शब्द ३० च्या वरच्यांसाठी राखून ठेवला होता, आणि ते १२ टक्के होते. मग मुंबईत स्थूल किती, १२ की ४६? दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, आणि म्हणूनच वर्तमानपत्र वाचणाऱ्याला दोन्हींचा उपयोग नाही. भारतीयांसाठी २००९ साली तज्ज्ञांनी ठरवलेली रेषा २३ ला जादा वजन आणि २५ ला स्थूलता अशी आहे. राज्याने तीच एक रेषा धरावी आणि प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर ती छापावी.

जिल्ह्याचा आकडाही आपण समजतो तितका भरीव नसतो. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पुरुषांची मापं साधारण १५ टक्के घरांतच घेतली जातात. त्यामुळे ती राज्यापुरती चालतात, जिल्ह्याच्या पत्रकात पुरुषांच्या बीएमआयचा आकडाच नसतो. स्त्रियांचं माप ४९ व्या वर्षी थांबतं, म्हणजे पाळी गेल्यानंतर चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते नेमकं तेच वय सुटतं. आणि 'मुंबई उपनगर' हा एक जिल्हा म्हणजे २०११ च्या जनगणनेतले ९३ लाखांहून अधिक लोक. त्यातला एम-पूर्व हा एकच विभाग घेतला तरी एका टोकाला गोवंडीचं शिवाजीनगर ही दाट झोपडवस्ती आहे आणि दुसऱ्या टोकाला अणुशक्तीनगर ही अणुऊर्जा खात्याच्या कर्मचाऱ्यांची वसाहत. या दोन वस्त्यांची सरासरी काढली तर जो माणूस तयार होतो, तो दोन्हीकडे राहत नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं की नवीन पाहणी नको. आहे ती मोजणी नीट करा आणि तिचे आकडे गावाला परत द्या.

'नीट' या शब्दावर थोडं थांबावं लागेल, कारण बिघडतं ते तिथेच. कमरेचं माप बेंबीवर घ्यायचं नसतं आणि नाडीवरही नाही. कुशीला हात लावून सर्वांत खालच्या बरगडीची कड शोधायची, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ शोधायचा, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये खूण करायची. माणूस सरळ उभा, हात सैल, वजन दोन्ही पायांवर सारखं. टेप जमिनीला समांतर, अंगाला टेकलेला पण रुतलेला नाही. श्वास सहज सोडून झाल्यावर आकडा वाचायचा. हे दोनदा करायचं. दोन मापांत एक सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर पुन्हा दोन मापं घ्यायची, नाहीतर दोन्हींची सरासरी लिहायची.

प्रत्यक्षात काय होतं? ओटीवर चारचौघांत बाई पदर सावरून उभी राहते. खोचलेल्या निऱ्या आणि परकराचा नेफा यांच्यावरून टेप फिरतो. माप कपड्यांमुळे वाढतं, आणि आवळलेल्या नाडीच्या खाचेत टेप बसला तर उलट कमी भरतं. यासाठी दार लावून घेता येईल अशी खोली हवी, निऱ्या आणि नाडी क्षणभर सैल करायला सांगायला हवं. पुरुषाला विचारलं तर तो पँटचा नंबर सांगतो. पँट पोटाच्या खाली बसते. ३४ नंबर म्हणजे ८६ सेंटीमीटर, फॉर्मवर शून्य गुण, आणि वरचं पोट प्रत्यक्षात ९८ भरतं. सांगितलेला आकडा लिहायचा नाही, हा नियम छापून द्यायला हवा.

टेप शिंप्याचा असेल तर तो वापराने ताणतो आणि त्याच्यावर इंचही असतात. इंचात मोजून अडीचने गुणण्याची सवय सगळीकडे आहे. ३२ इंच गुणिले अडीच म्हणजे ८०, फॉर्मवर शून्य. खरे सेंटीमीटर ८१.३, म्हणजे एक गुण. पुरुषाचे ३६ इंच अडीचने ९० होतात, खरे ९१.४. दोन्ही रेषा नेमक्या या चुकीच्या तोंडावर आहेत. शिवाय ८० आणि ९० हे गोल आकडे, त्यामुळे ८२ चे ८० करायचा मोह होतोच. फक्त सेंटीमीटर असलेला, न ताणणारा फायबरग्लासचा टेप प्रत्येक आशाताईला द्या आणि ठरावीक काळाने बदला.

आकडे असे गोल केले गेलेत का, हे पकडायची सोपी युक्ती आहे. एका उपकेंद्राच्या सगळ्या मापांचे शेवटचे अंक मोजा. शून्य आणि पाच मिळून साधारण २० टक्के यायला हवेत. ते ४०-५० टक्के आले तर तिथे मापं गोल केली गेली आहेत किंवा नुसता अंदाज लिहिला गेला आहे. संगणकावर हे दोन मिनिटांत कळतं. पण त्यावरून कोणाला नोटीस काढू नका, तिथे पुन्हा प्रशिक्षण द्या. केंद्राच्या निकषानुसार एका सीबॅक फॉर्ममागे आशाताईला १० रुपये मिळतात. दहा रुपयांत दार लावून, दोनदा, मिलिमीटरपर्यंत माप मागणं अन्यायाचं आहे. नीट घेतलेल्या मापाला वेगळा मोबदला ठेवा.

उंची-वजनाचंही असंच. १५० सेंटीमीटर उंची आणि ५६ किलो वजन असलेल्या बाईचा बीएमआय २४.९ येतो. उंची १४८ लिहिली गेली तर तो २५.६ होतो, आणि काटा एक किलो जास्त दाखवत असेल तर २५.३. म्हणजे तिला स्थूल ठरवायला दोन सेंटीमीटर पुरतात. अंबाडा सोडल्याशिवाय आणि चपला काढल्याशिवाय उंची घेऊ नये. सारवलेल्या जमिनीवर काटा डुगडुगतो, त्याखाली जाड प्लायवूडचा तुकडा घालावा, आणि रोज सकाळी शिक्का असलेलं २० किलोचं वजन ठेवून काटा तपासावा.

आपल्याकडे बारीक दिसणारा माणूस निर्धास्त असतो असं नाही, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून जगाला कळलं. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याचा एकत्र फोटो छापला गेला. दोघांचा बीएमआय २२.३ होता, पण ब्रिटिश डॉक्टरांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या गावांतली बाळं आणि इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं यांची तुलना केली तेव्हा आपली सरासरी २.७ किलो आणि तिकडची ३.५ किलो निघाली. आपल्या बाळांत स्नायू कमी होते, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणून नंदुरबार किंवा गडचिरोली 'कुपोषणाचे जिल्हे' म्हणून स्थूलतेच्या नकाशावरून पुसू नका. ज्या घरात कुपोषणाचा इतिहास आहे, तिथे थोडंसं वाढलेलं पोटही जास्त घात करतं.

तिथे आणखी एक अडचण आहे. १४५ सेंटीमीटर उंचीच्या बाईला ८० ची रेषा फार सैल पडते. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा, हा निकष अशा ठिकाणी जास्त न्याय्य आहे, आणि तिच्यासाठी ती रेषा ७२.५ येते. त्याला टेपही लागत नाही. डोक्यापासून टाचेपर्यंत दोरा मोजून तोडायचा, दुमडायचा आणि कमरेभोवती गुंडाळायचा. टोकं जुळली नाहीत तर उपकेंद्रात यायचं. करदोटा घट्ट झाला हे ज्या समाजात आजही बोललं जातं, तिथे ही चाचणी समजवायला भाषण लागणार नाही.

आता मोजणीतून कोण सुटतं ते पाहू. दुपारी घरी सापडतात बायका आणि म्हातारी माणसं. कामावरचे पुरुष सुटतात. शहरातल्या मोठ्या सोसायट्यांच्या फाटकातून आरोग्य सेविकेला आत सोडत नाहीत, आणि स्थूलतेचं प्रमाण तिथेच जास्त असण्याची शक्यता आहे. बीडचे ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास निघतात ते उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. त्या महिन्यांत मोजलं तर गावातली सर्वांत कष्टाची, सर्वांत सडसडीत शरीरं यादीत नसतात आणि गाव उगाच जाड दिसतं. तिथली मोजणी जून ते सप्टेंबरमध्येच करा. शहरांत महिन्यातला एक रविवार ठेवा.

वयाचा हिशेबही धरावा लागेल. रत्नागिरीतले तरुण पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जातात. २०११ च्या जनगणनेत तिथे हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. ज्या गावात मागे वयस्कर माणसं आणि बायकाच जास्त राहतात, त्याची पनवेलशी सरळ तुलना केली तर कोकण आजारी दिसेल. म्हणून ३० ते ४४, ४५ ते ५९ आणि ६० च्या पुढे असे तीन वयोगट, स्त्री-पुरुष वेगळे, असेच तक्ते द्यावेत. सपाटीवरच्या उपकेंद्राखाली पाच हजार लोकसंख्या धरली तर तीस वर्षांवरचे साधारण १,८५० निघतात. सगळे मोजले गेले तर आकडा भरवशाचा. दोनशेच मोजले आणि चौथा हिस्सा स्थूल निघाला, तर खरा आकडा १९ ते ३१ यांत कुठेही असू शकतो. वयोगट पाडल्यावर संख्या आणखी घटते. जिथे मापं दोनशेपेक्षा कमी असतील, तिथे उपकेंद्राऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्राचा एकत्रित आकडा छापा.

लहान मुलांच्या मोजणीतही पोकळी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत जातं, विनाअनुदानित खासगी शाळा सुटतात. त्या शाळांना दरवर्षी जूनमध्ये उंची-वजन घेणं बंधनकारक करावं आणि भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते वापरावेत. माप एकेकट्या मुलाचं घ्यावं, आकडा वर्गात उच्चारू नये, प्रगतिपुस्तकात लिहू नये. जाड म्हणून चिडवलं गेलेलं मूल मैदानावर यायचंच बंद होतं.

बाळंतपणानंतर राहून गेलेलं वजन पकडायची संधी तर रोज हातातून जाते. नऊ महिन्यांच्या बाळाला गोवर-रुबेलाची लस द्यायला आई येते. बाळाचं वजन होतं, आईचं होत नाही. तिथेच मोठ्यांच्या काट्यावर तिला उभं करा, त्याच टेबलावर टेप ठेवा. डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर बंद करा असा उपदेश तिला नको आहे. पहिलं माप आणि पुढचं माप यांत काय फरक पडला, एवढं तिला कळू द्या.

शेवटी छापण्याबद्दल. कुटुंब आरोग्य सर्वेक्षण धर्म आणि जातीनुसार तक्ते देतं. गावपातळीवर तसं करू नका. पाचशे उंबऱ्यांच्या गावात जात लिहिली की आळी ओळखू येते, आणि आळी ओळखली की माणूस. आकडा जागेचा असू द्या. त्याच्याशेजारी त्या जागेची परिस्थिती लिहा: बायकांना संध्याकाळी निर्धास्त चालता येईल असा रस्ता आहे का, शाळेला मैदान आहे का, भाजीचा बाजार आठवड्यातून किती दिवस भरतो, आणि अंगणवाडीच्या शंभर पावलांत पाच रुपयांच्या खाऊच्या पुड्या विकणारी दुकानं किती. हा कागद ग्रामसभेत वाचला गेला तर चर्चा कोणाच्या तरी पोटाची न होता रस्त्याची होईल.

सुरुवात एका जिल्ह्यापासून केली तरी चालेल. ग्रामीण भाग, आदिवासी तालुका आणि महापालिका असं तिन्ही असलेला जिल्हा निवडा. नाशिक त्यात बसतं. तिथल्या सीबॅक फॉर्ममधले कमरेचे आकडे काढा, शेवटच्या अंकांची तपासणी करा, आणि जी उपकेंद्रं तिच्यात टिकतील त्यांचा तक्ता येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठेवण्याचे आदेश द्या.

आपले,
शरीरमापन आणि सार्वजनिक आरोग्याच्या कामातले काही जण