गिटार शिकताना उजवा हात दुर्लक्षित

मा. संपादक,

गिटारच्या वर्गात सगळे लक्ष डाव्या हाताच्या कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीवर) असते आणि उजवा हात मुलांच्या मर्जीवर सोडला जातो. पुढे वेग वाढेना की खापर फुटते ते पिकवर, म्हणजे तार छेडायच्या छोट्या चपट्या तुकड्यावर.

तर्जनी थोडी वाकवून तिच्या शेवटच्या पेराच्या कडेवर पिक ठेवावे, वरून अंगठा आडवा यावा. टोक 3 ते 4 मिलिमीटरच बाहेर हवे. सेंटिमीटरभर बाहेर राहिले तर ते तारांमध्ये खोल शिरून अडकते. मग मूल पकड आवळते आणि ताण कोपरापर्यंत चढतो. अंगठ्याचे नख पांढरे पडलेले दिसले, तर पकड घट्ट झाली असे समजावे. पिक तारेशी किंचित तिरके धरले की सहज निसटते. फार तिरके झाले की जाड तारांवर खरखर येते.

एकेक तार वाजवताना हालचाल मनगटातून हवी. कोपर फिरवणे स्ट्रमिंगला, म्हणजे अनेक तारा एकदम छेडायला, ठीक. तळहाताची करंगळीकडची कड ब्रिजवर, म्हणजे गिटारच्या अंगावरील तारांच्या आधारपट्टीवर, हलकी टेकवावी. ती पुढे सरकून तारांवर आली की आवाज दबतो.

सरावाला 0.7 मिलिमीटरच्या आसपासचे पिक आणि मिनिटाला 60 ठोक्यांच्या लयीत मेट्रोनोम (ठोके देणारे यंत्र) पुरे. एकाच तारेवर दर ठोक्याला दोन आघात, खाली-वर. वरचा आघात हमखास कमजोर पडतो. दोन्ही सारखे ऐकू येईपर्यंत शिक्षकांनी लय वाढवू देऊ नये, ही कळकळीची विनंती.

– एक गिटारशिक्षक, पुणे