दातात काय भरलं, ते रुग्णाला लिहून द्या

मा. आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
कर्नाटक राज्य, यांस

सविनय नमस्कार.

साहेब, मी खानापूर तालुक्यातली. १४ वर्षं बेळगावात दातांच्या दवाखान्यांत असिस्टंट होते. डॉक्टर खुर्चीच्या उजव्या बाजूला बसायचे, मी डाव्या बाजूला उभी. सक्शन धरायचं, कापूस द्यायचा, सिरिंजमधून दात भरायचा मसाला काढून द्यायचा आणि डॉक्टरांनी मान हलवली की निळा लाइट मारायचा. आता ते काम माझ्या हातून होत नाही. का होत नाही ते पुढं सांगते. दवाखान्यांची नावं देत नाही, कारण माझं गाऱ्हाणं कुणा एकावर नाही. पत्र मराठीत लिहिते आहे. घटनेच्या ३५०व्या कलमानं तो हक्क दिला आहे, आणि दुखण्याची गोष्ट मला याच भाषेत नीट सांगता येते.

आमच्याकडं दात भरायला आलेलं माणूस दोनच शब्द वापरतं, चांदी आणि सिमेंट. चांदी म्हणजे पारा घातलेला जुना मसाला. तो मागं पडत चालला आहे. पाऱ्याबद्दलच्या मिनामाता कराराला आपल्या देशानं २०१८ साली मान्यता दिली. १५ वर्षांखालची मुलं, गरोदर बायका आणि अंगावर पाजणाऱ्या आया यांच्या दातांत चांदी भरणं टाळावं, असं त्या करारातल्या देशांनी २०२२ मध्ये ठरवलं. युरोपीय संघानं अगदी निकडीची गरज सोडली तर १ जानेवारी २०२५ पासून ती बंद केली. म्हणजे इथून पुढं निपाणीपासून खानापूरपर्यंत पोरांच्या दातांत जे भरलं जाईल ते बहुतेक सिमेंटच असेल. माझं पत्र या सिमेंटबद्दल आहे.

सिमेंट म्हणून लोक ज्याला ओळखतात त्या खरं तर दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. एक ग्लास आयोनोमर. पूड आणि सोबतचा द्रव कालवून भरायचं, ते आपोआप घट्ट होतं. दुसरं रेझीनचं कंपोझिट. ते सिरिंजमधून येतं आणि निळ्या लाइटखाली टणक होतं. केसपेपरवर मात्र दोन्हींना ‘फिलिंग’ हा एकच शब्द पडतो. रुग्णाच्या हातात तर तेवढाही कागद जात नाही.

कंपोझिट मी हजारो वेळा हाताळलं असेल, पण ते काय आहे हे मला कामाच्या नवव्या-दहाव्या वर्षी कळलं. त्यात वजनानं निम्म्याहून जास्त काचेची आणि सिलिकाची बारीक पूड असते. ती बांधून ठेवणारा चिकट द्रव म्हणजे रेझीन. त्यातलं सर्वांत जुनं आणि आजही सर्रास वापरलं जाणारं रेझीन बिस-जीएमए. अमेरिकेतल्या राफेल बोवेन यांनी १९६२ साली त्याचं पेटंट घेतलं. ते फार घट्ट असतं म्हणून पातळ करायला टेग-डीएमए घालतात. दाताला चिकटवायच्या बाँडमध्ये बहुधा एचईएमए नावाचं रसायन असतं. आणि लाइट पडल्यावर हे सगळं जुळवून आणणारं पिवळसर रसायन कापराच्या कुळातलं आहे, कॅम्फरक्विनोन.

आता मुख्य मुद्दा. लाइट मारल्यावर या द्रवांचे कण एकमेकांना जुळतात आणि मसाला टणक होतो, पण ते पूर्णपणे जुळत नाहीत. लाइट चांगला असला, थर पातळ असला, वेळ पुरा दिला, तरी जुळायच्या दुव्यांपैकी साधारण ५० ते ७५ टक्केच जुळतात. उरलेल्यांपैकी बरेचसे एका टोकानं अडकून राहतात. थोडे मोकळे राहतात आणि लाळेत उतरतात, त्यातले बहुतेक पहिल्या दिवसा-दोन दिवसांत. हे प्रमाण बारीक असतं आणि बहुतेकांना त्यानं काही होत नाही. पण थर २ मिलिमीटरपेक्षा जाड घातला, लाइट लांब धरला किंवा १० सेकंदांतच उचलला, तर खालचा भाग कच्चा राहतो. आणि साहेब, तो कच्चा आहे हे कुणालाच दिसत नाही. वरचा भाग दगडासारखा लागतो. डॉक्टर अवजारानं ठोकून बघतात, ठक्क आवाज येतो, रुग्ण चूळ भरून घरी जातो. दाढ खोल किडलेली असली तर कच्चं रेझीन आणि दाताची जिवंत नस यांच्यामध्ये कधी अर्धा मिलिमीटरच अंतर उरतं. एचईएमए आणि टेग-डीएमए पेशींना त्रास देतात हे प्रयोगशाळांत वारंवार दिसलं आहे. म्हणूनच खोल दाढेत खाली आधी दुसरा थर द्यायला शिकवतात. घाईच्या दिवशी तो थर राहून जातो.

एका दवाखान्यात कंपनीचा माणूस लाइट मोजायचं मीटर घेऊन आला होता. सहज म्हणून आमचा लाइट त्यावर धरला. दर चौरस सेंटिमीटरला ४०० मिलिवॅटच्या खाली गेलेल्या लाइटवर भरवसा ठेवू नये असं मानतात. आमचा २५० च्या आसपास आला. लाइटच्या टोकाला जुनं रेझीन लागून वाळलं होतं, बॅटरीही जुनी झाली होती. डोळ्यांना तर तो पहिल्याइतकाच निळाशार दिसत होता. डॉक्टरांनी त्याच आठवड्यात नवा लाइट आणला, हा त्यांचा चांगुलपणा. पण त्याआधी किती महिने आम्ही त्याच लाइटनं किती जणांचे दात भरले? ती माणसं कोण होती आणि त्यांच्या दातांत कुठला मसाला गेला, याची कुठंही नोंद नाही. ही गोष्ट आठवली की मला आजही झोप लागत नाही.

बिस्फेनॉल ए या रसायनाचं नाव बातम्यांत येतं आणि घाबरलेले आईबाप दवाखान्यात विचारतात, म्हणून त्याबद्दलही लिहिते. बिस-जीएमए तयार करताना बिस्फेनॉल ए लागतं. तयार मसाल्यात ते मुद्दाम घातलेलं नसतं, पण त्याचा अंश राहू शकतो. बिस-डीएमए नावाच्या एका जोडरसायनापासून तर ते लाळेतच सुटं होतं. १९९६ साली स्पेनमधल्या ग्रानादा विद्यापीठाच्या संशोधकांनी दातांच्या खाचा बुजवायच्या सीलंटनंतर रुग्णांच्या लाळेत ते सापडल्याचं सांगितलं, तेव्हापासून हा वाद चालू आहे. भरल्यानंतर लाळेतलं आणि लघवीतलं प्रमाण काही काळ वाढतं आणि मग उतरतं. अमेरिकेत ५३४ मुलांवर झालेल्या अभ्यासाचा २०१२ साली पुन्हा आढावा घेतला, तेव्हा बिस-जीएमएचं कंपोझिट जास्त असलेल्या मुलांच्या वागणुकीचे गुण किंचित कमी दिसले. कारण तेच, असं मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. दुसरीकडं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ साली बिस्फेनॉल ए ची रोजची सुसह्य मर्यादा २० हजार पटींनी खाली आणली.

यावरून कंपोझिट बंद करा असं मी म्हणणार नाही. किडकी दाढ तशीच ठेवणं पोराला त्याहून वाईट. आमच्याकडं उसाचा आणि गुळाचा मुलूख, पोराच्या हातात खडा द्यायची सवय, आणि बायकांची मिश्री अजून सुटलेली नाही, त्यामुळं हिरड्यांपाशी झिजलेले दात घरोघर आहेत. दात भरायलाच हवेत. जागतिक आरोग्य संघटनेनं ग्लास आयोनोमर २०२१ साली आणि रेझीन कंपोझिट २०२३ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं, ते उगाच नाही. मसाला चांगला आहे. तो नीट पिकवून, म्हणजे लाइटखाली पुरता टणक करून भरला की नाही, हा प्रश्न आहे. आणि पिकवण्यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसाही लागत नाही. हवा लागून वरचा थर चिकट राहतो, तो ओल्या कापसानं पुसून घ्यावा, नाहीतर घासून पॉलिश करावा. रुग्णाला अर्धा मिनिट खळखळून चूळ भरायला लावून थुंकायला सांगावं. एवढ्यानंसुद्धा पोटात जाणारं प्रमाण कमी होतं. मी ज्यांच्याकडं काम केलं त्यांतल्या काही डॉक्टरांनी हे एकदाही चुकवलं नाही. काहींनी एकदाही केलं नाही.

आता माझ्या हातांबद्दल. मसाला सिरिंजमधून काढायचा आणि बोटांवर गोळी वळून द्यायची, अशी आमच्याकडं पद्धत होती. हातमोज्यांची एकच जोडी सकाळपासून दुपारपर्यंत चालायची, फार तर साबणानं धुवायची. सहाव्या वर्षी डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं खाजायला लागली. मग सालं निघाली, मग भेगा पडल्या. भांड्यांच्या साबणानं होत असेल म्हणून सासूबाईंनी भांडी माझ्याकडून काढून घेतली, रोज रात्री खोबरेल लावलं. रविवारी बरं वाटायचं, मंगळवारी पुन्हा रक्त. अखेर त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या लावून तपासणी केली. चौथ्या दिवशी एचईएमएच्या जागी लालभडक चट्टा उठला होता. तेव्हा कळलं की ही रसायनं लेटेक्सच्या मोज्यातून काही मिनिटांतच आरपार जातात. नायट्राइलच्या मोज्याला थोडा जास्त वेळ लागतो, पण मसाला लागला की तोही लगेच बदलायचा असतो. १४ वर्षांत हे मला कुणीही सांगितलं नाही. सांगणाऱ्यांनाही कुणी सांगितलं नसेल. ही ॲलर्जी एकदा झाली की जन्माची. पुढं माझ्याच दातात बाँड भरायची वेळ आली तर काय करायचं, तेही मला आधी विचारून घ्यावं लागेल.

आणि इथं सीमाभागाची अडचण येते, जी बेंगळूरला बसून चटकन लक्षात येत नाही. आमची माणसं दवाखान्यासाठी राज्याची हद्द मोजत नाहीत. निपाणीचा माणूस कोल्हापूरला जातो, अथणीचा मिरजेला, आणि चंदगडकडची माणसं बेळगावात येतात. एक आजी माझ्या डोळ्यांसमोर आहेत. दात दुसऱ्या गावात भरला होता. गालाच्या आत, भरलेल्या दाताला लागून, पांढरट चट्टा आणि आग. आमच्या डॉक्टरांनी विचारलं, ‘काय भरलंय, आजी?’ आजी म्हणाल्या, ‘सिमेंट, बाळा.’ त्यापुढं कुणालाच काही सांगता येईना. आधीच्या दवाखान्यात फोन केला, तिथंही फक्त ‘फिलिंग’ एवढंच लिहिलेलं. शेवटी भरलेलं सगळं काढून दुसरं भरलं. चट्टा गेला. पण कशामुळं आला होता ते कायमचं अंधारात राहिलं, आणि त्या आजींना पुढं काय टाळायचं हेही कुणी सांगू शकलं नाही.

हृदयात स्टेंट बसवला की त्याचं स्टिकर फाइलला लागतं. गाडीला बॅटरी घातली तरी दुकानदार कार्डावर तारीख घालून देतो. तोंडात वर्षानुवर्षं राहणाऱ्या वस्तूची मात्र चिठ्ठी नाही. वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम आहेत, त्यामुळं कंपनी, आयात आणि पाकीट यांच्यावर नजर आहे. उपकरणांचे दुष्परिणाम कळवण्यासाठी २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमही आहे, गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडं. पण पाकीट फोडल्यापासून रुग्ण खुर्चीवरून उठेपर्यंतच्या २० मिनिटांची नोंद कुठंच होत नाही. कुठला मसाला हेच माहीत नसलेलं माणूस त्या कार्यक्रमाला कळवणार तरी काय? तो फॉर्म मी आजवर एकाही दवाखान्यात पाहिलेला नाही.

माझी विनंती म्हणूनच लहान आहे, साहेब. दात भरला की रुग्णाला एक चिठ्ठी द्यावी. कुठला दात, कुठला मसाला, कंपनी, बॅच क्रमांक, मुदत, तारीख, आणि खाली काय अस्तर दिलं. चिठ्ठी कन्नडमध्ये असावी आणि आमच्या तालुक्यांत मराठीतही. खाजगी दवाखान्यांची नोंदणी २००७ च्या कर्नाटक खाजगी वैद्यकीय संस्था कायद्यानं आपल्याच खात्याकडं आहे, म्हणजे हे सांगायला दिल्लीची वाट बघायला नको. सरकारी दवाखान्यांत तर एका परिपत्रकाचं काम आहे. लाइट मोजायचं एक मीटर तालुक्याला मिळालं तरी महिन्यातून एकदा प्रत्येक खुर्चीचा लाइट तपासून होईल. बेळगावात दंत महाविद्यालयं आहेत. तिथली मुलं हे काम आनंदानं करतील, असं मला त्यांच्याकडं बघून वाटतं. शाळांतून राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक पोरांचे किडके दात शोधून पुढं पाठवतं. त्या पोरांपासून चिठ्ठीची सुरुवात करता येईल. आणि माझ्यासारख्या मुली, ज्या दहावी-बारावी होऊन थेट खुर्चीशेजारी उभ्या राहतात, त्यांना एक दिवसाचं शिक्षण द्यावं: मसाल्याला बोट लावायचं नाही, मोजा कधी बदलायचा, लाइटकडं उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही.

डिसेंबरात आपण अधिवेशनाला बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात येता. तिथून खानापूरचं सरकारी इस्पितळ तासाभराच्या अंतरावर आहे. एक दुपार तिथल्या दातांच्या खोलीत काढावी. दात भरून बाहेर आलेल्या कुणालाही विचारून बघावं, काय भरलं म्हणून.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीची दाढ भरली. डॉक्टर ओळखीचे. मी विचारत गेले, ते सांगत गेले, आणि मी वहीच्या पानावर लिहून घेतलं. दोघांना मिळून दोन मिनिटं लागली. कंपनी आणि बॅच इथं गाळून नमुना देते.

‘खालची डावी पहिली कायमची दाढ. खड्डा खोल. तळाला ग्लास आयोनोमर. वर रेझीन कंपोझिट, दोन थर, प्रत्येकी २ मिलिमीटरच्या आत. प्रत्येक थराला २० सेकंद लाइट. लाइट त्याच दिवशी मोजला, ९५०. वरचा थर पुसून पॉलिश केला. अर्धा मिनिट चूळ. आईला एचईएमएची ॲलर्जी आहे, मुलीच्या तोंडात आग किंवा चट्टा आला तर लगेच दाखवावं.’

आपली नम्र,
दातांच्या दवाखान्यातली एक माजी असिस्टंट
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव