एलडीएच वाढले, पण रक्तात की नळीत?

माननीय संपादक,

पंचायतीच्या सभागृहात किंवा देवळाच्या सभामंडपात भरणाऱ्या आरोग्य शिबिरांच्या पॅकेजमध्ये हल्ली एलडीएचही घातलेले असते. रिपोर्टवर त्यासमोर ठळक अक्षरांत ‘हाय’ आले की घरच्यांची झोप उडते. हे नाव बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकले ते कोविडच्या गंभीर रुग्णांच्या बाबतीत, आणि मोबाईलवर शोधावे तर कॅन्सरच समोर येतो. म्हणून या चाचणीविषयी थोडे तपशिलाने लिहीत आहोत.

एलडीएच म्हणजे लॅक्टेट डिहायड्रोजिनेज. हे एन्झाइम पेशीला साखरेतून ऊर्जा मिळवताना लागते. त्यामुळे हृदय, यकृत, स्नायू, मूत्रपिंडे, फुप्फुसे, तांबड्या पेशी अशा जवळजवळ सगळीकडे ते असते. पेशी फुटली की ते रक्तात उतरते. आकडा वाढला याचा अर्थ कुठेतरी पेशी नेहमीपेक्षा जास्त फुटल्या, एवढाच. कुठे फुटल्या ते हा आकडा सांगत नाही. पूर्वी हृदयविकाराच्या झटक्यानंतर एलडीएच मागवत. ते वाढायलाच १२ ते २४ तास लागतात आणि कळस गाठायला दोन-तीन दिवस. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात येणारे ट्रोपोनिन काही तासांत कळते, त्यामुळे छातीत दुखत असताना एलडीएचची वाट पाहण्यात आता काही अर्थ नाही.

खरी मेख तांबड्या पेशींत आहे. रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या पातळ भागात, म्हणजे सिरममध्ये, असते त्याच्या शंभराहून अधिक पट एलडीएच या पेशींच्या आत असते. नळीतल्या थोड्याशा पेशी फुटल्या तरी आकडा वर जातो, आणि हे शरीरात नव्हे, सुई टोचल्यापासून मशीनपर्यंतच्या वाटेवर घडते. दंडावरचा पट्टा मिनिटाहून जास्त वेळ आवळून ठेवणे, स्पिरिट वाळायच्या आत सुई टोचणे, फार बारीक सुई घेऊन सिरिंजचा दांडा जोराने ओढणे, मग सुई न काढताच रक्त दाबून नळीत सोडणे, नळी हलकेच उलटसुलट करायची तिथे खळखळ हलवणे: यातली एखादी चूकही पुरते. त्यात रक्त स्कूटरच्या डिकीत, मे महिन्याच्या उन्हात, काणकोणहून मडगावला किंवा वाळपईहून फोंड्याला जाणार. लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या नळीतले रक्त साधारण अर्धा तास उभे ठेवून गोठू द्यायचे, मग दहाएक मिनिटे सेंट्रिफ्यूजमध्ये (नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) फिरवायचे, आणि काढल्यापासून दोन तासांच्या आत सिरम वेगळे झालेले हवे. शिबिरात सकाळी आठला काढलेले रक्त दुपारी दोनला फिरवले तर या गणिताला अर्थ उरत नाही.

चांगले सिरम फिके पिवळे असते. पेशी फुटलेल्या असतील तर ते पाणी घातलेल्या कोकमाच्या आगळासारखे गुलाबी दिसते. पण डोळ्यांना गुलाबी दिसण्याआधीच एलडीएच वाढलेले असू शकते. म्हणून बऱ्याच नव्या मशीन हिमोलिसिसचा, म्हणजे तांबड्या पेशी फुटण्याचा, निर्देशांक मोजून देतात. तो पाहायचा की नुसता आकडा छापून मोकळे व्हायचे, हे मात्र माणसाच्या हातात.

उन्हाच्या धास्तीने काही जण नमुना थेट बर्फात खुपसतात. न फिरवलेले रक्त बर्फाला टेकून गोठले की पेशी फुटतातच. वेगळे केलेले सिरमही एलडीएचसाठी फ्रीजमध्ये ठेवू नये. यकृत आणि स्नायूंतून येणारा एलडीएचचा प्रकार थंडीत निष्क्रिय होतो आणि आकडा खोटाच कमी येतो. खोलीच्या तापमानाला ते दोन-तीन दिवस टिकते. बाकीच्या बहुतेक चाचण्यांना थंडी मानवते, ही मानवत नाही, आणि सगळे नमुने एकाच डब्यात भरणाऱ्याच्या हे ध्यानात राहत नाही.

दुसरा घोळ रेंजचा. ही चाचणी दोन दिशांनी करता येते. लॅक्टेटपासून पायरुवेट बनवून मोजले तर प्रौढांची वरची मर्यादा सुमारे २५० युनिट येते. उलट दिशेने मोजणाऱ्या किटची मर्यादा ४५० ते ४८०च्या आसपास असते. एकाच माणसाचे रक्त एका प्रयोगशाळेत २१० आणि दुसरीत ४२० दाखवील, आणि दोन्ही नॉर्मलच. म्हापशाचा जुना रिपोर्ट आणि पणजीचा नवा शेजारी ठेवून ‘दुप्पट झाले’ म्हणण्याआधी त्याच कागदावर छापलेली रेंज वाचावी. लहान मुलांची मर्यादा मोठ्यांपेक्षा वर असते. आदल्या दिवशी फुटबॉलचा सामना खेळलेला असेल किंवा कमरेत इंजेक्शन घेतलेले असेल, तरी आकडा थोडा चढतो.

मग वाढलेला आकडा खरा की खोटा, हे ओळखायचे कसे? सोबतचे पोटॅशियम आणि एसजीओटी हे एन्झाइमही (दोन्ही तांबड्या पेशींत असतात) वाढले असेल, पण हिमोग्लोबिन, बिलिरुबिन नॉर्मल आणि माणूस धडधाकट असेल, तर संशय आधी नळीवर घ्यावा आणि नीट काढलेल्या ताज्या रक्तावर चाचणी पुन्हा करावी. शरीरातच तांबड्या पेशी फुटत असतील तर इनडायरेक्ट बिलिरुबिन (यकृतात प्रक्रिया न झालेले) आणि रेटिक्युलोसाइट (नव्या तांबड्या पेशी) वाढतात, हॅप्टोग्लोबिन (सुटे हिमोग्लोबिन पकडणारे प्रथिन) घटते, लघवी गडद होऊ शकते. मलेरियासाठी प्रायमाक्विन घेणाऱ्याला तांबड्या पेशींना जपणाऱ्या जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असेल तर असे होते. बी-१२च्या तीव्र कमतरतेत तर एलडीएच हजारांत जाते, आणि ते उपचाराने उतरते. पावसाळ्यातल्या लेप्टोस्पायरोसिसमध्ये, सत्तरी तालुक्यातल्या माकडतापातही ते वाढते, पण त्यावरून या तापांचे निदान होत नाही. त्यासाठी त्यांच्या स्वतंत्र चाचण्या आहेत.

चाचणी निरुपयोगी आहे, असे मुळीच नाही. छातीत साठलेले पाणी कशामुळे, हे ठरवताना त्या पाण्यातले एलडीएच सिरमच्या ०.६ पटींहून जास्त आहे का, ते डॉक्टर पाहतात. लिम्फोमात (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये) आणि वृषणाच्या काही गाठींत आजाराचा जोर त्यावरून जोखतात. गरोदरपणाच्या उत्तरार्धात रक्तदाब वाढलेला, बरगडीखाली उजवीकडे दुखणे, प्लेटलेट एक लाखाच्या खाली आणि एलडीएच ६००च्या वर असेल, तर दुसऱ्या नमुन्यासाठी घरी थांबू नये. त्याच दिवशी प्रसूतीची सोय असलेले मोठे इस्पितळ गाठावे.

प्रयोगशाळांकडे आमचे मागणे दोनच गोष्टींचे आहे. रिपोर्टवर पद्धत आणि नमुन्याची अवस्था छापा. नमुना हिमोलाइज्ड असेल तर एलडीएचचा आकडा न देता दुसरे रक्त मागवा, आणि त्याचे वेगळे पैसे घेऊ नका. शिबिरवाल्यांकडे सेंट्रिफ्यूज जागेवर नसेल तर त्यांनी ही चाचणी पॅकेजमधून काढून टाकावी. यादी एका ओळीने तोकडी झाल्याने कोणाचे काही बिघडणार नाही.

— वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञ, फोंडा