तक्रार: गच्चीवरून काढून नेलेली १६ सौर पॅनेल नेमकी कुठे गेली?

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: सौर पॅनेल काढताना झालेला निष्काळजीपणा, विल्हेवाटीचा पुरावा देण्यास टाळाटाळ आणि गच्चीचे नुकसान

महोदय,

आम्ही नुकत्याच विकत घेतलेल्या घराच्या गच्चीवर आधीच्या मालकांनी बसवलेली १६ सौर पॅनेल होती. ती उतरवून, वाहून नेऊन त्यांची शास्त्रोक्त विल्हेवाट लावण्याचे काम मी तुमच्या कंपनीकडे दिले. काम पूर्ण झाल्याचा निरोप आला, बिल आले आणि मी ते भरलेही. ज्या कामाचे पैसे घेतले गेले त्यातले सर्वात महत्त्वाचे काम झाल्याचा एकही कागद मला आजवर मिळालेला नाही. फोनवर प्रत्येक वेळी नवी व्यक्ती बोलते आणि मला सगळे पहिल्यापासून सांगावे लागते, म्हणून आता हे लेखी कळवत आहे.

पॅनेल बंद पडली म्हणून आम्ही ती काढली नव्हती. स्लॅबला गळती होती आणि स्टँडचे पाय वॉटरप्रूफिंगच्या थरातून थेट स्लॅबमध्ये ठोकलेले होते. ते हलवल्याशिवाय नवा थर देणे शक्य नव्हते. वॉरंटीची कागदपत्रे जुन्या मालकांकडे उरली नव्हती आणि ज्यांनी हे सगळे बसवले त्यांचा व्यवसाय बंद झाला होता, त्यामुळे तोच संच पुन्हा चढवण्यात अर्थ वाटला नाही. तुमचे तंत्रज्ञ पाहणीला आले तेव्हा त्यांनी प्रत्येक पॅनेलला मीटर लावून पाहिला. ११ पॅनेल चांगली आहेत, ५ पॅनेलची मागची प्लास्टिकची पाठ पिवळी पडून तडकली आहे, असे त्यांनीच लिहून दिले. त्यात मला आश्चर्य वाटले नाही. सिलिकॉनच्या पॅनेलची क्षमता वर्षाला साधारण अर्धा ते एक टक्काच घटते आणि २५ वर्षांनी ८० टक्क्यांच्या आसपास क्षमता राहील अशी हमी उत्पादक सर्रास देतात. त्या पाहणीवरूनच वर्क ऑर्डर ठरली. ११ पॅनेल जशीच्या तशी उतरवून पुनर्वापरासाठी द्यायची, ५ पुनर्प्रक्रिया केंद्रात पोहोचवायची, स्टँडचे पाय स्लॅबला धरून ठेवणारे अँकर बोल्ट काढून भोके बुजवायची. विल्हेवाटीची आकारणी बिलात वेगळ्या ओळीत आहे. त्या ओळीसाठीच मी तुमची निवड केली होती, कारण नुसते उतरवून न्यायला याहून स्वस्तात माणसे मिळत होती.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशी पाहणीला आलेले तंत्रज्ञ आलेच नाहीत. जी मुले आली त्यांच्या हातात मोजे नव्हते, कंबरेला दोर नव्हता आणि ती गच्चीच्या कडेला उभी राहून नट खोलत होती. त्यांनी घरातला स्विच पाडला, इन्व्हर्टरचा, म्हणजे पॅनेलची एकाच दिशेने वाहणारी (डीसी) वीज घरातल्या दिशा बदलत वाहणाऱ्या (एसी) विजेत बदलणाऱ्या यंत्राचा, पडदा काळा झाला आणि “लाइन बंद आहे” असे सांगून ती कामाला लागली. लाइन बंद नव्हती. इन्व्हर्टर थांबला म्हणजे तो वीज ओढायचा थांबतो, पॅनेलवर ऊन असेपर्यंत वरच्या केबलमध्ये विजेचा दाब (व्होल्टेज) कायम असतो. आमच्या गच्चीवर आठ-आठ पॅनेलच्या दोन माळा होत्या, म्हणजे भर दुपारी प्रत्येक माळेच्या टोकांना ३०० व्होल्टच्या आसपास डीसी दाब. मी हे बोलून दाखवेपर्यंत एकाने धन आणि ऋण अशा दोन्ही केबल एकत्र धरून कटर चालवला. लख्ख ठिणगी उडाली आणि कटरची पाती वितळली. डीसी ठिणगी एसीसारखी क्षणाक्षणाला शून्यावर येत नाही, म्हणून ती सहज विझतही नाही. त्या मुलाच्या कटरची मूठ रबरी होती म्हणून तो वाचला. आधी डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा स्विच, बंद करायचा, केबलभोवती चिमट्यासारख्या लावायच्या क्लॅम्प मीटरने प्रवाह शून्य असल्याची खात्री करायची, पॅनेल अपारदर्शक कापडाने झाकायची आणि मग एकेक कनेक्टर सोडवायचा, हे या व्यवसायात पहिल्या दिवशी शिकवायला हवे. त्या मुलांवर माझा राग नाही. त्यांना तसे वर चढवणाऱ्यांवर आहे, आणि या पत्रातली ही एक गोष्ट तुम्ही माझ्या भरपाईच्याही आधी हाताळावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

केबल कापल्यामुळे आणखी एक नुकसान झाले. कनेक्टर शाबूत राहिले असते तर ती ११ पॅनेल दुसऱ्या कोणाच्या शेतावरच्या पंपाला किंवा शेडला सरळ जोडता आली असती. जंक्शन बॉक्सजवळून, म्हणजे पॅनेलच्या पाठीवरच्या ज्या डबीतून केबल बाहेर येते तिथून, केबल तोडल्यावर ती पुन्हा वापरायची तर प्रत्येकाची दुरुस्ती करावी लागते.

तशी दुरुस्तीही आता होणे नाही, कारण खाली अंगणात पुढचा प्रकार घडला. पॅनेल एकावर एक आडवी रचली गेली, मध्ये पुठ्ठा नाही, कोपऱ्यांना पट्टी नाही. पॅनेलची काच टणक केलेली असते, तिच्या एका कोपऱ्याला मार बसला की अख्खी काच बारीक तडे जाऊन पांढरी पडते. तीन पॅनेलचे तसे झाले. मग वजन कमी करायला म्हणून मुलांनी हातोड्याने ॲल्युमिनिअमच्या चौकटी ठोकून वेगळ्या केल्या, पाठीवरचे जंक्शन बॉक्स उपटले आणि तांब्याच्या केबलची वेटोळी बांधली. चांगली अकरा आणि खराब पाच यांत कोणताही फरक केला नाही. मी थांबवायला गेले तेव्हा सुपरवायझरशी बोला असे उत्तर मिळाले आणि सुपरवायझरचा फोन लागला नाही. चौकटी आणि तांबे एका गाडीत गेले, चौकटीविना उरलेले काचेचे पत्रे दुसऱ्या गाडीत. अंगणातल्या मातीत काचेचे कण अजूनही सापडतात आणि घरातली लहान मुले तिथे खेळत नाहीत.

दोन गाड्या वेगळ्या का, हा माझा खरा प्रश्न आहे. सिलिकॉन पॅनेलच्या वजनात जवळपास तीन चतुर्थांश काचच असते. चौकट आणि केबल सुटी करायला एक हातोडा पुरतो आणि भंगारात त्यांना लगेच भाव मिळतो. उरतो तो काच, प्लास्टिकचे थर आणि सिलिकॉनच्या चकत्या एकमेकांना घट्ट चिकटलेला पत्रा. त्यात चांदी असते पण अगदी नाममात्र, डाखकामात बहुतेक वेळा शिसे असते, आणि मागच्या पाठीत पुष्कळदा फ्लोरिनयुक्त प्लास्टिक असते, जे उघड्यावर जाळले तर हायड्रोजन फ्लोराइडसारखा घातक वायू सुटतो. हे थर वेगळे करायला उष्णता, रसायने किंवा खास यंत्रे लागतात आणि त्यातून निघणाऱ्या मालाची किंमत बहुधा त्या खर्चाला पुरत नाही. म्हणूनच विल्हेवाटीचे पैसे ग्राहकाकडून घेतले जातात. मी ते दिले. पैसे मिळवून देणारा भाग तुम्ही नेलात आणि ज्या भागावर पैसे खर्चायचे होते तो कुठे गेला, हे सांगायला कोणी तयार नाही.

विल्हेवाटीचे प्रमाणपत्र मागितल्यावर मला मोबाइलवर एका ओळीचा संदेश आला: “मटेरियल डिस्पोज झाले आहे.” कुठे, कधी, कोणी घेतले, किती वजन, काही नाही. नंतर तुमच्या प्रतिनिधीने असेही सांगितले की माल दारातून बाहेर पडला की ग्राहकाचा त्याच्याशी संबंध संपतो. मला हे मान्य नाही. वर्क ऑर्डरवर “लेखी पुराव्यासह विल्हेवाट” हे शब्द तुमच्या कंपनीच्या सहीशिक्क्यानिशी आहेत. जगभरातले नियमही याच दिशेने चालले आहेत. युरोपीय संघाने २०१२ च्या निर्देशात सौर पॅनेलचा समावेश इलेक्ट्रॉनिक कचऱ्यात केला, भारताच्या २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. २०५० पर्यंत जगात बाद पॅनेलचा एकूण साठा ७ कोटी ८० लाख टनांपर्यंत जाऊ शकतो, असा अंदाज आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्था आणि आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा फोटोव्होल्टाइक कार्यक्रम यांनी २०१६ मध्येच मांडला होता. या व्यवसायात असलेल्या कंपनीला हे माझ्याकडून कळावे लागू नये.

पॅनेल ओळखता येणार नाहीत असे कोणी म्हणू नये. काम सुरू होण्याआधी मी सोळाही पॅनेलच्या पाठीवरच्या लेबलांची आणि पुढच्या काचेखालच्या बारकोडची छायाचित्रे घेतली आहेत. लेबल फाडता येते, चौकट काढता येते, पण काचेखाली थरांमध्ये दाबलेला बारकोड तिथेच राहतो. पॅनेल कुठल्याही केंद्रात पोहोचली असतील तर अनुक्रमांकांची यादी आणि वजनाची पावती तिथून मिळायला अडचण नसावी. ती कुठल्या नाल्याकाठी किंवा मोकळ्या प्लॉटवर पडली असतील तर तिथेही ती ओळखू येतील.

गच्चीचे सांगायचे तर अँकर बोल्ट काढलेलेच नाहीत. ग्राइंडरने वरचे डोके कापले आणि खुंट स्लॅबमध्ये तसेच ठेवून वर सुके सिमेंट फासले. लोखंड आत गंजले की फुगते आणि काँक्रीट फोडते, पाणी त्याच वाटेने खाली येते. ज्या गळतीसाठी हा सगळा खटाटोप केला तिला तुम्ही नव्या वाटा करून दिल्या आहेत. केबलचा पाइप, जो वरून थेट घरातल्या बोर्डापर्यंत उतरतो, तो आकाशाकडे तोंड करून उघडा सोडला होता. मी त्याला तात्पुरती टोपी घातली. वीज कंपनीकडे संच बंद केल्याचा अर्ज देणे तुमच्या कामात होते, तोही दिलेला नाही, त्यामुळे मीटर अजून जुन्या नोंदीवरच आहे.

माझे म्हणणे एवढेच की ठरलेले काम ठरल्याप्रमाणे पुरे करा. सोळाही पॅनेल कोणत्या केंद्राने स्वीकारली, त्याचा अनुक्रमांकांसह आणि वजनासह दाखला मला हवा आहे. तो देता येत नसेल तर पॅनेलचे पत्रे शोधून ते योग्य केंद्रात पोहोचवण्याची जबाबदारी तुमची, आणि ते होईपर्यंत विल्हेवाटीची पूर्ण आकारणी मला परत करावी. चालू स्थितीतली ११ पॅनेल निकामी केल्याची भरपाई वेगळी ठरवावी लागेल. त्यासाठी तुमच्याच तंत्रज्ञांच्या पाहणी अहवालातली मापे आधार धरायला माझी हरकत नाही. स्लॅबमधले खुंट कोअर कटरने (काँक्रीटला गोल भोक पाडणाऱ्या यंत्राने) काढून भोके न आकसणाऱ्या ग्राउटने (भोके भरायच्या सिमेंटच्या मिश्रणाने) भरून द्यावीत, आणि अंगणातली काच गोळा करायला माणसे पाठवावीत, यावेळी मोजे आणि बूट घालून. वीज कंपनीचा अर्ज याच आठवड्यात द्यावा.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर यावे. न आल्यास ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे आणि प्रदूषण नियंत्रण पाहणाऱ्या कार्यालयाकडे, अनुक्रमांकांच्या छायाचित्रांसह, मी स्वतंत्र तक्रार करणार आहे. कामगारांच्या सुरक्षिततेबाबत काय बदल केला, हेही त्याच उत्तरात कळवावे.

सोबत वर्क ऑर्डर, बिल, पाहणी अहवाल, पॅनेलच्या लेबलांची आणि बारकोडची छायाचित्रे, चौकटी तोडताना अंगणात काढलेली छायाचित्रे, स्लॅबमधल्या खुंटांची छायाचित्रे आणि तुमच्या संदेशाची प्रत जोडली आहे. वॉटरप्रूफिंगचे काम मी थांबवून ठेवले आहे, कारण त्यावर थर चढला की बोल्टचे पुरावे झाकले जातील. तुमच्या माणसांना पाहणीला यायचे असेल तर आदल्या दिवशी कळवावे, आणि पहिल्या वेळी आलेले तंत्रज्ञच पाठवावेत.

आपली,
एक ग्राहक