वजन चार्जरसकट छापावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाचे दिवस आले की आपल्या दैनिकाच्या पुरवणीत विद्यार्थ्यांसाठी परवडणाऱ्या, हलक्या लॅपटॉपांचे कोष्टक येते. वर्गातली मुले त्याची कात्रणे घेऊन सल्ला विचारायला येतात, म्हणून मीही ते बारकाईने वाचते. माझी तक्रार त्यातील वजनाच्या रकान्याबद्दल आहे. तेथील आकडा कंपनीच्या माहितीपत्रकातून घेतलेला असतो आणि कंपन्या तो सहसा चार्जर वगळून देतात. विद्यार्थ्याच्या खांद्यावर मात्र चार्जरही असतो.

मागच्या सत्रात माझ्या एका विद्यार्थिनीने १.६ किलोचा म्हणून घेतलेला लॅपटॉप प्रवासी बॅगा तोलायच्या काट्याला अडकवून पाहिला. साबणाच्या वडीएवढा चार्जरचा ठोकळा, त्याची जाड वायर, तीन पिनांचा प्लग आणि कव्हर असे सगळे धरून काटा दोन किलोच्या पुढे गेला. मग तिने काही दिवस चार्जर घरी ठेवून पाहिला, तर दुपारच्या पहिल्याच तासिकेला पडदा काळा झाला. आमच्या वर्गात भिंतीलगतची, प्लगजवळची बाके आधी भरतात, त्याचे कारण हेच आहे.

म्हणून वजनाचा विचार बॅटरीपासून वेगळा काढता येत नाही. बॅटरीची क्षमता वॉट-अवरमध्ये मोजतात. लिखाण, वाचन आणि इंटरनेट एवढ्यापुरता साधा लॅपटॉप तासाला साधारण सात वॉट-अवर खर्च करतो असे धरले, तर ४२ वॉट-अवरची नवी बॅटरी सहा तास पुरेल. पण काहीशे वेळा चार्ज झाल्यावर लिथियम-आयन बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे अभ्यासक्रम निम्मा होईतो तोच लॅपटॉप पाच तासही भरत नाही. जाहिरातीतले ‘दहा तास’ बहुधा पडद्याचा उजेड मंद ठेवून एखादा व्हिडिओ चालवून मोजलेले असतात. याउलट ६० वॉट-अवरची बॅटरी आजच्या हिशेबाने साडेआठ तास आणि पुढे मुरल्यावरही सुमारे सात तास टिकते, आणि तिच्यामुळे यंत्राचे वजन फार तर शंभरेक ग्रॅमने वाढते. साडेतीनशे ग्रॅमचा चार्जर घरी ठेवायची मुभा या शंभर ग्रॅमात मिळत असेल, तर कोष्टकात जड दिसणारा लॅपटॉपच प्रत्यक्षात हलका ठरतो. हे गणित मी फळ्यावर मांडले, तेव्हा दोघातिघांनी आपली निवड बदलली.

चार्जर सोबत न्यायचाच असेल, तर लॅपटॉप टाइप-सी पोर्टवरून चार्ज होतो का हे विचारावे. तसे असल्यास दीडेकशे ग्रॅमच्या एकाच छोट्या चार्जरवर फोन आणि लॅपटॉप दोन्ही भागतात. स्वस्त मॉडेलांत पुष्कळदा हे पोर्ट दिसायला तेच असते, पण त्यातून फक्त माहितीची देवाणघेवाण होते. त्यामुळे विकत घेण्यापूर्वी तेथे चार्जर लावून पाहणे उत्तम. युरोपीय संघाने २८ एप्रिल २०२६ पासून नव्या लॅपटॉपांना टाइप-सी चार्जिंगची सक्ती ठरवली आहे, तेव्हा पुढेमागे ही सोय सगळीकडे येईल.

स्वस्त आणि हलके यांचे जमवताना कंपन्या कुठे हात आखडतात, हेही पाहायला हवे. २००७ च्या सुमारास आलेली नेटबुक नावाची सात-दहा इंची यंत्रे स्वस्त आणि जेमतेम किलोभर वजनाची होती, पण त्यांवर दोन कामे एकत्र चालवायची म्हटली की ती धापा टाकायची. आजची काटकसर इतकी उघड नसते. पातळ लॅपटॉपात रॅम, म्हणजे चालू कामापुरती स्मृती, बोर्डावरच सोल्डर केलेली असते आणि ती नंतर वाढवता येत नाही, म्हणून जे काही घ्यायचे ते पहिल्या दिवशीच. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण एवढी आहे; यंत्र सुरू होण्यापुरती ती ठीक, अभ्यासासाठी ८ जीबी हवीच आणि १६ परवडली तर चार वर्षांची निश्चिंती. ‘इएमएमसी’ या स्वस्त पण संथ प्रकारची साठवण असलेला लॅपटॉप कितीही स्वस्त मिळाला तरी मी मुलांना घेऊ देत नाही. साठवण तिच्याहून वेगवान अशी एसएसडीच हवी.

प्रोसेसरच्या नावांनी तर जाणकारांचीही फसगत होते. एएमडी या कंपनीच्या ‘रायझन ५ ७५२०यू’ या नावातला सातचा आकडा नवेपणाचा भास करून देतो, पण त्यातला तिसरा अंक, म्हणजे दोन, हा आतली रचना ‘झेन २’ म्हणजे २०१९ च्या पिढीची असल्याचे सांगतो. साध्या कामाला हा प्रोसेसर वाईट नाही. प्रश्न नव्याचा भाव देऊन जुने घेण्याचा आहे.

पडद्याबाबत एवढेच सांगते की चौदा इंची पडदा बॅगेच्या दृष्टीने सोयीचा, आणि पडदा मागेपुढे झुकवल्यावर रंग उलटेपालटे होत असतील तर तो नाकारावा. वाणिज्य शाखेच्या मुलांना अंकांची वेगळी कळपट्टी लागते, ती सहसा १५.६ इंची लॅपटॉपातच मिळते. स्थापत्य किंवा त्रिमितीय आरेखनाच्या विद्यार्थ्यांना वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत असेल, तर वजन वाढणारच. त्यांनी आपल्या विभागाकडून सॉफ्टवेअरची यादी आधी मागून घ्यावी.

ज्यांना नवा परवडत नाही, त्यांनी कार्यालयांतून निवृत्त झालेले, मजबूत बांध्याचे लॅपटॉप अवश्य पाहावेत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचा प्रोसेसर असलेले यंत्र मात्र टाळावे, कारण त्यांतील बहुतेकांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. बॅटरीची मूळ क्षमता किती होती आणि आज किती उरली आहे, याचा अहवाल विंडोजमध्येच काढता येतो. विक्रेत्यासमोरच तो काढून घ्यावा.

आपल्या पुढच्या कोष्टकात वजन चार्जरसकट द्यावे आणि बॅटरीची वॉट-अवर क्षमता, रॅम वाढवता येते की नाही, टाइप-सीवर चार्जिंग होते की नाही असे तीन रकाने वाढवावेत, ही विनंती. जागा अपुरी पडत असेल, तर कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलचा रकाना खुशाल गाळावा. त्याविषयी मला आजवर एकाही विद्यार्थ्याने विचारलेले नाही.

आपली विश्वासू,
एक अध्यापिका