सही झाल्यावर वकील आठवतो

संपादक महोदय,

दिवाळी उलटली की माझ्याकडे लेखकांची वर्दळ वाढते. कुणाच्या कथेचं परस्पर ऑडिओबुक निघालेलं असतं, कुणाला मानधनाच्या पावतीवर बारीक टायपात ‘सर्व हक्क’ सापडलेले असतात. एकोणतीस वर्षं मी पुण्यात प्रकाशन व्यवसायातली वकिली करते आहे. (खरं तर सिनिअरकडे जमिनीचे दावे शिकायला गेले होते. एका प्रकाशकाची फाईल कुणी घेईना, ती माझ्या टेबलावर आली.) एवढ्या वर्षांत सहीच्या आधी कागद दाखवायला आलेले लेखक बोटांवर मोजण्याइतके.

परवा साताऱ्याकडच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. त्यांना विचारूनच हे लिहिते आहे. प्लास्टिकच्या पिशवीत, लाइट बिलांच्या गठ्ठ्यात, प्रकाशकाच्या लेटरहेडवरचा २००४ सालचा कागद. कादंबरीचे सर्व हक्क तीन हजार रुपयांना दिले, एवढं एकच वाक्य. खाली बाईंची सही. मुदत नाही, रॉयल्टी नाही. बाईंना वाटत होतं, कादंबरी कायमची गेली.

कॉपीराइट कायद्याचं कलम १९ म्हणतं, मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाचच वर्षांसाठी दिले असं धरायचं, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच. म्हणजे २००९ मध्येच हक्क बाईंकडे परत आले होते! पुढे दोन आवृत्त्या निघाल्या, त्या बाईंना कळल्या नातवाने दुकानात पुस्तक पाहिलं तेव्हा. दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. २०१५ च्या आवृत्तीचे पैसे गेल्यातच जमा. गेल्या वर्षीच्या आवृत्तीबद्दल नोटीस धाडली आहे. (वडिलांचे जुने करार घेऊन येणाऱ्यांसाठी: कायद्यातली ही तरतूद १९९४ च्या दुरुस्तीने आली, ती दुरुस्ती अमलात येण्याआधीच्या कागदांना लागू नाही.)

“तेव्हा वाचला नव्हता का कागद?” मी विचारलं. “अहो, एवढा मोठा माणूस समोर बसलेला. त्यांच्यापुढे वाचत बसणं बरं दिसलं नसतं.”

साहित्य संमेलनांत परिसंवादांना तोटा नसतो. त्यातला एक तास आयोजकांनी नुसता करार वाचायला ठेवावा. छापील करार पडद्यावर लावू, एकेक कलम वाचू. मी येईन. मानधन नको, एसटीचं भाडं पुरे. फक्त त्याच्या पावतीवर ‘सर्व हक्क’ छापलेलं नसावं.

– एक वकील, शनिवार पेठ, पुणे