फ्लशच्या टाकीचा आवाज आणि डक्टमधील सामाईक पाइप : अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

विषय : बी विंगच्या डक्टमधील डाऊनटेक पाइपची तपासणी व दुरुस्ती करण्याबाबत

महोदय,

गेल्या दोन महिन्यांपासून आमच्या दुसऱ्या मजल्यावरील सदनिकेत शौचालयाच्या फ्लशच्या टाकीचा आवाज दिवसरात्र येत होता. हा एकच आवाज नसून दोन निरनिराळे आवाज आहेत, हे ध्यानात यायला आम्हाला बराच वेळ लागला. त्यांपैकी एक आम्ही स्वखर्चाने बंद केला आहे. दुसऱ्याचे मूळ मात्र डक्टमधील (पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतील) सामाईक डाऊनटेक पाइपमध्ये, म्हणजे गच्चीवरील टाकीचे पाणी खाली आणणाऱ्या पाइपमध्ये असल्याने आपल्याला लिहीत आहे.

पहिला आवाज असा, की कोणीही फ्लश वापरलेला नसताना साधारण दर वीस मिनिटांनी टाकी आपोआप भरू लागे आणि पाण्याची सूं-सूं थोडा वेळ चालून थांबे. टाकीतील पाणी वरच्या ओव्हरफ्लो नळीतून जात असेल तर दोष बॉल कॉकचा, म्हणजे टाकी भरताच पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या गोळ्याच्या नळाचा असतो, म्हणून आधी झाकण काढून पाहिले. पाण्याची पातळी त्या नळीच्या बरीच खाली होती. मग टाकीत खाण्याचा लाल रंग टाकला आणि अर्धा तास घरातील कोणालाही फ्लश करू दिला नाही. कमोडच्या आतील भिंतीवर गुलाबी ओघळ स्पष्ट दिसू लागले. म्हणजे तळाच्या फ्लश व्हॉल्व्हचे रबरी वॉशर नीट बसत नव्हते. प्लंबरने ते बाहेर काढले तेव्हा त्यावर आणि त्याच्या बैठकीवर क्षारांचा पांढरा, खरखरीत थर जमलेला होता. आपल्याकडे बोअरचे आणि टँकरचे पाणी मिसळून येते, त्यामुळे याचे मला नवल वाटले नाही. बैठक लिंबूसत्वाच्या पाण्याने स्वच्छ करून वॉशर बदलल्यावर हा आवाज पूर्ण थांबला. दर वेळी अर्धा लिटर पाणी गेले असे धरले, तरी दिवसाला ३६ लिटर पाणी कोणाच्याही उपयोगी न पडता वाहून जात होते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरा आवाज त्यानंतरही राहिला. टाकी भरून बॉल कॉक बंद होतो त्या क्षणी भिंतीच्या आत कोणी हातोडी मारावी तसा दणका बसतो आणि पाइप काही वेळ थरथरतो. वेगाने येणारे पाणी एकाएकी अडले की त्याचा धक्का पाइपला बसतो, आणि पाइप घट्ट धरलेला नसेल तर तो भिंतीवर आपटतो. बॉल कॉक जुना झाला असेल म्हणून आम्ही तोही नवा बसवला. अँगल कॉक (टाकीकडे जाणारे पाणी बंद करण्याचा भिंतीवरचा नळ) अर्धा बंद ठेवल्यास दणका सौम्य होतो. परंतु एका रात्री तो पूर्ण बंद ठेवूनही आवाज आलाच, कारण त्याच लाइनवर वरच्या घरात कोणीतरी फ्लश वापरला होता. डक्टला लागून असलेल्या खोलीत माझ्या सासूबाई झोपतात. त्यांचे वय ८१ आहे आणि रात्री दोन-तीनदा दचकून उठल्यावर त्यांना पुन्हा झोप लागत नाही.

शौचालयाच्या खिडकीतून बॅटरीच्या उजेडात पाहिले असता डाऊनटेक पाइपचे दोन क्लॅम्प भिंतीतून सुटलेले दिसतात. शिवाय आपली इमारत अकरा मजल्यांची असून पाण्याची टाकी गच्चीवर आहे. पाण्याची दर १० मीटर उंची म्हणजे प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे १ किलो दाब. त्या हिशेबाने सुमारे ३० मीटर खाली असलेल्या आमच्या मजल्यावर ३ किलोच्या आसपास दाब येतो, तर अकराव्या मजल्यावर तो जेमतेम अर्धा किलो असेल. मी ज्यांच्याकडे चौकशी केली त्यांपैकी पहिल्या ते चौथ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनाच हा त्रास आहे, वरच्यांना नाही, त्याचे कारण मला यातच दिसते.

तेव्हा सुटलेले क्लॅम्प रबराच्या अस्तरासह पुन्हा बसवून घ्यावेत, आणि खालच्या मजल्यांच्या लाइनवर प्रेशर रिड्युसिंग व्हॉल्व्ह (पाण्याचा दाब कमी करणारी झडप) आहे का, असल्यास तो चालू स्थितीत आहे का, हे जाणकार प्लंबरकडून तपासून घ्यावे, ही विनंती. क्लॅम्पचे काम लहान आहे. ते लांबले आणि हादऱ्यांनी एखादा सांधा सुटला, तर डक्टमधील गळती घराघरांच्या भिंतींत उतरेल. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) घरातील गळती दुरुस्त करणे सभासदाचे काम आणि सामाईक जलवाहिन्या संस्थेच्या, म्हणून माझ्याकडचे सर्व काम पूर्ण करूनच मी हा अर्ज देत आहे.

आणखी एक सुचवावेसे वाटते. आपल्याकडे पाणीपट्टी प्रत्येक सदनिकेतील नळांच्या संख्येवर आकारली जाते, त्यामुळे एका घरातील गळकी टाकी त्या घराच्या बिलात दिसत नाही, तिचा भार सर्वांवर पडतो. उन्हाळ्यातील टँकर सुरू होण्यापूर्वी रंगाची ही चाचणी प्रत्येक घरात करण्याविषयी सूचना फलकावर लावावी. ज्येष्ठ सभासदांच्या घरी जाऊन ती करून देण्यास मी आनंदाने तयार आहे.

डक्टच्या दाराची किल्ली कार्यालयात असते. प्लंबर येण्याचा दिवस आदल्या दिवशी कळवल्यास मी घरी थांबेन, म्हणजे टाकी भरताना पाइप कसा हलतो हे त्यांना प्रत्यक्ष दाखवता येईल.

कळावे,

आपली विश्वासू,
सभासद, बी विंग, दुसरा मजला